दोन मिनिटांत माणूस दारात

१

ऑफिसात त्याला सगळे कवी म्हणत. आयुष्यात त्याने एकही कविता लिहिलेली नव्हती. पण कंपनीच्या खोक्यावर आणि जाहिरातीत जी वाक्यं छापली जात ती त्याची असत, आणि इंजिनीअर लोकांना वाक्य लिहिणारा कुठलाही माणूस कवीच वाटतो. कंपनी मनगटावर बांधायचा एक पट्टा बनवत असे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. माणूस पडला की पट्ट्याला कळतं आणि मदत येते, असं त्याच्याबद्दल सांगितलं जाई.

पट्ट्याला काय कळतं, ते कवीला चांगलं ठाऊक होतं. चाचणीच्या खोलीत इंजिनीअरने वाळू भरलेला माणसाएवढा बाहुला दहा वेळा गादीवर आपटला, त्यातल्या चार वेळा पट्ट्याने ओळखलं. मग त्याने बाहुला भिंतीला टेकवून हळूहळू खाली घसरवला, म्हातारी माणसं खरोखर पडतात तसा. पट्ट्यावरचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत राहिला. हिरवा म्हणजे सगळं ठीक. तसंही दहा वेळा केलं, आणि दहाही वेळा सगळं ठीकच होतं.

बरं, ओळखलं तरी मदत म्हणून येणार काय? तर नात्यातल्या कुणा एकाच्या मोबाइलवर एक मेसेज. दोन मिनिटांच्या आत, नेटवर्क असेल तर. साहेब म्हणाले, "मेसेज कोण विकत घेतो? माणूस विका."

कवीने तिथल्या तिथे लिहून दिलं: 'पडलात? दोन मिनिटांत माणूस दारात.'

साहेब खूश झाले. वाक्याच्या शेवटी एक बारीकशी चांदणी टाकली, आणि खोक्याच्या बुडाला मुंगीएवढ्या अक्षरांत त्या चांदणीचा अर्थ दिला: आदर्श परिस्थितीत. खोकं उलटं धरून वाचणारा ग्राहक अजून जन्माला यायचा होता.

मग एका ग्राहकाचा अनुभव हवा होता. पट्टा अजून बाजारात आलेलाच नव्हता, त्यामुळे ग्राहकही नव्हते, पण तेवढ्यावरून अडून बसायची त्या धंद्यात पद्धत नाही. कवीने एक बाई तयार केल्या. वय बाहत्तर, निवृत्त शिक्षिका. त्याचा एक नियम होता: थाप मारायची तर आत चार खऱ्या वस्तू ठेवायच्या. म्हणून त्याने मावशीच्या घरातलं बाथरूम उचललं. निळ्या फरश्या. कोपऱ्यातली फुटलेली फरशी, जी बदलायची कायम राहून जाते. टपटपणारा नळ. वेळ टाकली सकाळी अकरा चाळीस, कारण मावशी त्याच सुमाराला आंघोळीला जाते. शेवटी लिहिलं: 'मला वाटलं, संपलं आता. पण दोन मिनिटं झाली नाहीत तोच माणूस दारात.' फोटोच्या जागी करडा गोल ठेवला. तिला चेहरा द्यायच्या भानगडीत तो पडला नाही.

कारखान्यातून आलेला पहिला पट्टा त्याने मावशीच्याच हातावर बांधला. आई गेल्यावर मावशीने त्याला वाढवलं होतं. आता ती एकटी होती, चौऱ्याहत्तरची होती, आणि रोज सकाळी ऑफिसला जाताना तिच्याकडे डोकावणं त्याला जड जात होतं. पट्टा बांधल्यापासून तो फक्त रविवारी जाऊ लागला. कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, तिला बरं वाटावं म्हणून बांधला. पण बरं त्याला वाटत होतं.

२

जाहिरात आली आणि आठच दिवसांनी ग्राहक सेवेतली ताई वर आली. ती वयाने सगळ्यांत लहान, पण दिवसभर लोकांच्या शिव्या गोड आवाजात ऐकून घ्यायची, म्हणून सगळे तिला ताई म्हणत.

"कवी, तुमच्या एक बाई फोनवर आल्यात," ती म्हणाली. "म्हणतात, जाहिरातीतली ती मीच."

"कोणती ती?"

"बाहत्तर वर्षांच्या. शिक्षिका."

कवी हसला. "वा. मग काय म्हणतात, पट्टा आवडला?"

"म्हणतात, मी असं काही बोललेच नव्हते. मदत आलीच नाही." ताईने हातातल्या कागदावर पाहिलं. "म्हणतात, मी अजून पडलेलीच आहे."

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. कुणीतरी रिकामटेकडा गंमत करतोय, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कवीने ताईला विचारलं, नंबर कुठला आला? ती म्हणाली, नंबर उमटत नाही; जिथे पट्ट्याचा क्रमांक यायला हवा तिथे नुसती शून्यं येतात.

"किती वाजता आला होता फोन?"

"अकरा चाळीस," ताई म्हणाली. "काल पण. परवा पण."

३

दुसऱ्या दिवशी साडेअकरालाच तो खाली ताईच्या टेबलापाशी जाऊन बसला. कोण आहे ते एकदा बघू आणि चार शब्द सुनावू, एवढाच त्याचा बेत होता. बरोबर अकरा चाळीसला लाइन वाजली. ताईने हेडफोन काढून त्याच्या कानावर चढवला.

आधी नळ ऐकू आला. टप. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप.

"नमस्कार," बाई म्हणाल्या. आवाज मावशीचा नव्हता, याची त्याने आधी खात्री करून घेतली. मऊ, स्वच्छ आवाज होता, वर्गात मोठ्याने बोलायची गरज कधी न पडलेल्या बाईचा. "ते तुम्हीच लिहिता ना?"

"आपण कोण बोलताय?"

"ते तुम्हीच सांगायला हवं. मला तुम्ही नाव दिलेलं नाही."

कवीने ताईकडे पाहून डोळे फिरवले. "बाई, तुम्ही पडलेल्या आहात म्हणे. मग फोन कुठून करताय?"

"पट्ट्यातून. 'बोला, आम्ही ऐकतोय,' असं तुम्हीच लिहिलंय."

त्याने लिहिलं होतं खरं. पट्ट्यात बोलायची काही सोयच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

"कशा दिसता तुम्ही?" त्याने विचारलं. का विचारलं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"मला कसं कळणार? आरसा वर आहे आणि मी खाली आहे." नळ टपकला. "इथून मला बेसिनची खालची बाजू दिसते. तिथे कुणीतरी लाल चांदणी चिकटवलीय. ती तुम्ही लिहिली नाहीत."

लाइन बंद झाली. कवीने ताईकडून रेकॉर्डिंग लावून घेतलं. त्यात त्याचा स्वतःचा आवाज होता, एकेक प्रश्न विचारणारा, आणि प्रत्येक प्रश्नानंतर नळ टपकत होता. बाकी काही नव्हतं.

"समोरचा आवाज धरत नाही कधीकधी," ताई म्हणाली. "जुनी मशिनं आहेत."

"पण तू ऐकलास ना तिचा आवाज? आधीच्या दिवशी?"

"ऐकला की. बिचाऱ्या किती नीट बोलतात. नाहीतर बाकीचे."

४

रविवारपर्यंत थांबवेना. संध्याकाळी तो मावशीकडे गेला. तिने दार उघडलं आणि आधी त्याच्याकडे, मग त्याच्या मागे पाहिलं. "आज वाट चुकलास?"

घर होतं तसंच होतं. बोळातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. शाळेत शिकवत असताना उशीर होऊ नये म्हणून तिने ते तसं लावलं होतं, आणि शाळा सुटून सोळा वर्षं झाली तरी मागे घेतलं नव्हतं. टेबलावर जाहिरातीचं कात्रण काचेखाली ठेवलेलं होतं.

"शेजारणीला दाखवलं," मावशी म्हणाली. "म्हटलं, आमच्या मुलाने लिहिलंय. तिने पण पट्टा मागवलाय. आणि हे बाथरूम माझं आहे, मला कळत नाही होय? ती फुटकी फरशी तेवढी लपवायचीस."

कवी हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेला. दार लोटलं. बराच वेळ बेसिनसमोर उभा राहिला. खाली वाकून बघायचं, काही नाही असं स्वतःला दाखवायचं आणि बाहेर जायचं, एवढं सोपं काम होतं. पण गुडघे वाकेनात. शेवटी तो फरशीवर बसला, मग आडवा झाला, आणि मान वळवली.

बेसिनच्या पांढऱ्या पोटाला एक लाल चांदणी चिकटलेली होती. कडा काळ्या पडलेल्या. मावशी मुलांच्या वह्यांत लावायची, तसली.

मग त्याला आठवलं. सात-आठ वर्षांचा असताना मावशीच्या पर्समधून त्याने चांदण्यांची एक पट्टी पळवली होती आणि कुणाला सापडणार नाहीत अशा जागी त्या लावत सुटला होता. म्हणजे ही त्यानेच लावली होती. त्याचा जीव भांड्यात पडला. आपल्या डोक्यात कुठेतरी पडून असलेली गोष्ट आपल्याला ऐकू आली, इतकंच. थकलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं. हे त्याने स्वतःला दोनदा समजावलं. ताईलाही ती बाई ऐकू येते, ही गोष्ट त्या हिशोबात बसत नव्हती. ती त्याने बाजूला ठेवली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मावशी, त्या पट्ट्यावर फार विसंबू नकोस."

"का रे? तूच तर लिहिलंस."

ती त्याच्याकडे बघत होती. काचेखालचं कात्रण दोघांच्या मध्ये होतं. 'लिहिलं ते सगळं खोटं आहे,' एवढंच म्हणायचं होतं. त्याला लाज वाटली. इतकी, की कान तापले.

"म्हणजे जपून राहत जा," तो म्हणाला.

"मी जपूनच असते. आंघोळ करतानासुद्धा पाढे म्हणते, डोकं ताळ्यावर राहावं म्हणून. तू मात्र वाळलायस. बस, जेवून जा."

५

पुढच्या फोनला तो स्वतःहून गेला. जायचं नाही असं ठरवून गेला.

"आज काही वेगळं आहे," बाई म्हणाल्या. आवाज जरा खाली गेला होता. "दारात कुणीतरी उभं आहे."

कवीने खुर्चीची कड धरली. "कोण?"

"मला पावलंच दिसतात. दार चार बोटं उघडं आहे. करडे मोजे आहेत, आणि डाव्या पायाचा अंगठा मोज्यातून बाहेर आलाय." टप. "माणूस आला, हे तुम्ही खरं लिहिलं होतंत. पण तो नुसता उभा आहे. आत येत नाही. का येत नाही तो?"

त्याने हेडफोन काढून ठेवला, तिथेच टेबलाखाली वाकून बूट काढला. मोजे निळे होते. अंगठा आत होता. ताई बघत राहिली. तिला काय सांगणार? तो घरी गेला, कपाट उपसलं, करडे मोजे निघाले तेवढे पिशवीत भरून कचऱ्यात टाकले आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन पलंगावर बसून राहिला.

सकाळी तो साहेबांकडे गेला. सोमवारी शहरभर मोठे फलक लागणार होते.

"ते वाक्य मागे घेऊ या," तो म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढला. "का? चांगलं चाललंय."

"खरं नाही ते."

"चांदणी आहे ना वाक्यावर?"

"आहे."

"मग झालं तर." साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. "बाबा रे, लोक पट्टा घेत नाहीत. निर्धास्तपणा घेतात. तो आपण देतोय की नाही? तुझ्या मावशीला विचार."

कवी तिथूनच बाहेर पडला, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. फलकांचं त्याच्या हातात काही नव्हतं. एक मनगट मात्र होतं. मावशीकडे जायचं, तिला खरं काय ते सांगायचं आणि पट्टा काढून आणायचा. बसमध्ये त्याने सांगायची वाक्यं तीनदा घोकली.

६

तो पोचला तेव्हा बोळातल्या घड्याळात अकरा पस्तीस झाले होते, म्हणजे अकरा पंचवीस. बूट दाराशी काढून आत आला आणि दुसऱ्याच पावलाला मोजे चिंब झाले. बाथरूमच्या उंबऱ्यावरून पाणी बोळात आलं होतं.

"अरे, नळाची गळती वाढलीय आज," मावशी म्हणाली. "मघाशी पुसलं होतं. काढ ते मोजे, सर्दी होईल."

"मावशी, तू आधी इथे बस. मला बोलायचंय."

"ओल्या पायांनी काही बोलायचं नाही." ती आत गेली आणि खणातून काकांचे मोजे घेऊन आली. काका, म्हणजे मावशीचे यजमान, जाऊन सहा वर्षं झाली होती. मोजे घडी घालून ठेवलेले होते. त्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि ती समोर उभी म्हणून पायात चढवले. त्याच्या डोक्यात वाक्यं जुळत होती.

"हा पट्टा," तो म्हणाला, "काढून दे मला."

"का?"

इथे ते वाक्य यायचं होतं. मावशी त्याच्यासमोर पदराला हात पुसत उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तोच अभिमान होता जो चौथीत त्याचा पहिला नंबर आला तेव्हा होता. त्याने तोंड उघडलं.

"नवीन येणार आहे," तो म्हणाला. "याच्यापेक्षा चांगला. बदलून आणतो."

"असं होय. मग आंघोळ करून येते, आल्यावर ने." ती टॉवेल घेऊन निघालीसुद्धा. "आंघोळीच्या वेळीच तर पाय घसरतो. तूच लिहिलंस."

"मावशी, फरशी ओली आहे."

"बाथरूमची फरशी कोरडी कधी असते? आणि पट्टा आहे ना."

तिने दार लोटलं. एकटी राहायला लागल्यापासून ती कडी लावत नसे. कवी स्वयंपाकघरात जाऊन बसला. ती बाहेर आली की सांगू. नक्की सांगू. दोन बादल्यांची तर आंघोळ. आतून पाण्याचा आवाज आला आणि मग पाढा सुरू झाला, संथ, शाळेतल्यासारखा. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. त्याला जरा बरं वाटलं. पाचवर आली, सहावर आली.

"सतरा सत्ते एकशे एकोणीस," मावशी म्हणाली.

आठवं आलं नाही.

धप्प असं काही ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते एवढंच, भिंतीवरून ओलं कापड खाली घसरावं तसं. तो आवाज त्याने यापूर्वी दहा वेळा ऐकला होता, चाचणीच्या खोलीत. मग नळ. टप.

तो बोळात आला. घड्याळात अकरा पन्नास. बाथरूमचं दार चार बोटं उघडं होतं. त्याच वेळी खिशातला फोन थरथरला. त्याने तो कानाला लावला, कारण हात तेवढंच करायला तयार होते.

"कवी, आहात कुठे?" ताई होती. "त्या बाई लाइनवर आहेत. तुम्हाला द्यायचं होतं. म्हणतात, तो आलाय."

तो दारासमोर उभा होता. फटीतून वाफ येत होती, आणि खाली निळ्या फरशीवर, फुटक्या कोपऱ्याशेजारी, एक हात पडलेला होता. तळवा वर, बोटं अर्धी मिटलेली. मनगटावर पट्टा होता आणि त्यावर हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. मावशीचा हात त्याने हजार हातांत ओळखला असता, निदान त्याला तसं वाटत आलं होतं. हा त्याला ओळखता येईना.

मावशीच आहे, दुसरं कोण असणार, हे त्याची अक्कल त्याला ओरडून सांगत होती. ढकल दार. दोन पावलं आहेत. पण दार ढकललं की चेहरा दिसणार होता. तो मावशीचा असला तर ती त्याच्या वाक्यावर विसंबून पडली होती, आणि त्याच्याकडे बघणार होती. आणि मावशीचा नसला तर? त्या दुसऱ्या बाईला चेहरा त्याने दिलेलाच नव्हता. तिथे काय असेल?

त्याने मान खाली घातली. काकांचे मोजे करडे होते. डाव्या पायाचा अंगठा बाहेर आला होता.

आतली बोटं हलली. एकदा, हळूच, दाराच्या दिशेने. पाय उचलायला हवा हे त्याला कळत होतं. तो उचलत होता. त्याला शपथेवर वाटत होतं की तो पाय उचलतोय. बोळातल्या घड्याळाचा काटा सरकला, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा सरकला, आणि करडे मोजे जिथे होते तिथेच होते.

"कवी, ऐकताय ना?" ताई म्हणाली. मागे ऑफिसातले इतर फोन वाजत होते, आणि तिला पुढचा कॉल घ्यायचा होता. "त्या विचारतायत, तो आत का येत नाही. काय सांगू त्यांना?"